डावी कूस, उजवी कूस

४ फेब्रुवारी

छोटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. दोन दिवसांनी उघडशील, तेही माहीत आहे. म्हणून घाईचं काही लिहीत नाही.

तुझा पत्ता मी चोरला. देशातल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा आणि अभयारण्यांचा वार्षिक अहवाल येतो ना, त्याच्या शेवटी कर्मचाऱ्यांची यादी असते. ती पानं कुणी वाचत नाही, मी वाचते. तू कासवांच्या किनाऱ्यावर आहेस. डोंगरात वाढलेली मुलगी, आणि वाळूत अंडी राखत बसली आहे. मला हसू आलं, मग जरा वेळाने आलं नाही.

मी तिथेच आहे. तीच खोली, तेच जाड पडदे, खुर्ची तेवढी नवी, आणि तीही एका बाजूला कलते. उद्यानातल्या एकशेबारा कॅमेऱ्यांचे फोटो दिवसभर बघायचे, जनावर असलेले वेगळे काढायचे, आणि बिबट्याच्या अंगावरचे ठिपके जुन्या फोटोंशी ताडून कोण कुठला ते ठरवायचं. शंभरातले नव्वद फोटो वाऱ्याचे असतात. गवत हललं की कॅमेरा टिपतो. हललेलं गवत, पडतं पान, कुणीच नसलेली वाट. पूर्वी मी ते भराभर पुसून टाकायचे. हल्ली बघत बसते. रिकामी वाट फार वेळ बघितली की वाटतं, आपणच तिच्यावरून चालतोय आणि मागून कुणीतरी हाक मारणार आहे. ड्रायव्हर म्हणतो, ठिपकेबाईंना आता रजा हवी. सगळे मला ठिपकेबाईच म्हणतात, तोंडावरसुद्धा.

तर, मागच्या आठवड्यात खिंडीतल्या कॅमेऱ्याचे तीन फोटो सापडले. बिबट मादी वाटेच्या मधोमध बसली आहे. पहिल्या फोटोत तिची डावी कूस. दुसऱ्यात ती मान वळवून स्वतःची पाठ चाटते आहे. तिसऱ्यात ती पुरती फिरली आहे आणि उजवी कूस कॅमेऱ्याकडे आहे. तिन्ही फोटो चार सेकंदांतले. डावी कूस पूर्वेच्या पाहुणीची. उजवी कूस पश्चिमेच्या राणीची.

तुला सगळं ठाऊक आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा सोस. बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यासारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. तेव्हा आपल्याकडे कॅमेरे कमी होते, एका जागी एकच लागला. पश्चिमेच्या उतारावर कायम उजवी कूस मिळाली, पूर्वेच्या दरीत कायम डावी. मी दोन माद्या लिहिल्या आणि त्यांना नावं दिली, राणी आणि पाहुणी. तू पायवाटा तुडवणारी वनरक्षक. तू येऊन म्हणालीस, ताई, ही एकच आहे, डोंगराला नेहमी एकाच दिशेने फेरी घालते, म्हणून एका जागी तिची एकच बाजू दिसते. मी म्हटलं, चिखलातल्या पावलांवर शास्त्र चालत नाही.

तुझं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाहीये. फोटो सापडला, एवढंच कळवते.

ताई


१९ फेब्रुवारी

छोटे,

उत्तर नाही. हरकत नाही. मला बोलायला समोरचं माणूस लागत नाही, हे तूच सगळ्यांना सांगायचीस.

आईबद्दल लिहिते. तुला वाटत असेल ती रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीत आहे. तिथे ती चार महिने टिकली. तेव्हापासून माझ्याकडे आहे, कचेरीमागच्या दोन खोल्यांत. मधल्या खिडकीशी तिची खाट आहे. तिथून डोंगराचा खांदा दिसतो, दरी दिसत नाही.

सकाळी जागी झाली की ती डोळे मिटूनच पडून राहते. एकदा म्हणाली, झऱ्याचा आवाज नसला की उजाडलंय असं वाटतच नाही. तेव्हापासून मी उठले की स्वयंपाकघरातला नळ थोडासा सोडते, खाली पितळी पातेलं ठेवते. धार पातेल्यात पडू लागली की ती उठते. भ्रमिष्ट झालेली नाही हं. मला म्हणते, “हा नळ आहे, मला कळतं. पण चालेल.” मग चहा पिते, आणि त्या आवाजात आम्ही दोघी अर्धा तास काही न बोलता बसतो. खोलीत धुकं आल्यासारखं वाटतं. शेजारीण पाण्यावरून कुरकुर करते. तिला मी माझ्या पद्धतीने गप्प केलं आहे.

आई घर मागत नाही. मागितलं असतं तर मला भांडता आलं असतं. परवा फक्त एवढंच विचारलं, की दाराची कडी आपण आतून लावली होती की बाहेरून. मी म्हटलं, बाहेरून. आतून कशी लावणार, आपण बाहेर होतो ना. ती म्हणाली, हो, आपण बाहेर होतो.

दरीत स्वतंत्र मादी आहे असं ठरलं, म्हणून दरी उद्यानाच्या गाभ्यात गेली. गाभ्यात माणूस राहत नाही, म्हणून नऊ घरं उठली. त्यातलं एक आईचं. हे सगळं माझ्या एका आकड्यावर उभं आहे. मी एवढी वर्षं हे वाक्य असं सरळ लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर तितकंसं मोठं दिसत नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं, फोटो गेल्या आठवड्यात सापडला. ते खोटं आहे. फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि मी तो दोन वर्षांपूर्वीच पाहिला. छापून घेतला आणि टेबलाच्या खणात, रजेच्या कोऱ्या अर्जांखाली ठेवला. मी रजा घेत नाही, त्यामुळे तो खण कुणी उघडत नाही.

हे माहीत असून दोन वर्षं मी आईला नळ ऐकवते आहे.

ताई


८ मार्च

छोटे,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी तीन शब्द: “आईला सांगितलंस का?” तुझी कासवंसुद्धा यापेक्षा जास्त बोलत असतील. मला राग आला. मी इथे काळीज उघडं करून ठेवते आणि तू वरिष्ठासारखी विचारणा करतेस.

नाही सांगितलं. संचालकांना सांगितलं.

हे संचालक नवे आहेत, तुझ्याहूनही लहान असतील, फार सभ्य माणूस. मी तीन फोटो त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले. त्यांनी नीट बघितले, दार लावून घेतलं, आणि म्हणाले, बाई, दरी हल्ली बघितलीत का? हरणं पुन्हा वर चढली आहेत, झरा उन्हाळ्यातही आटत नाही. चुकीच्या आकड्याने का होईना, काम चांगलं झालं. राहू द्या. तुमची तीन वर्षं उरली आहेत, मानाने घरी जा.

क्षणभर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दरीचे फोटो मी रोज बघते. आपल्या अंगणात कमरेइतकं गवत आहे. ओट्यावर एक हरणी येऊन बसते, दुपारी, घरच्यासारखी. पडवीच्या छपरातून कोवळं झाड वर गेलं आहे आणि त्याच्या पानांतून ऊन खाली चुलीच्या जागेवर पडतं. हे सगळं इतकं सुंदर दिसतं की आपण तिथे राहत होतो हेच कुणीतरी सांगितलेलं स्वप्न वाटावं. दोन वर्षं मी खण का उघडला नाही, त्याचं हेही एक कारण आहे. पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण मी घाबरले.

मी संचालकांना म्हटलं, “काम चांगलंच झालं, साहेब. पण ते माझ्या आईच्या घरात झालंय.”

त्यांनी दुरुस्तीचा अर्ज काढून दिला. मी तिथेच भरला. माझे आधीचे सगळे आकडे आता पुन्हा तपासले जातील. तपासोत. फेरविचार समिती सत्तावीस तारखेला आमच्याच कचेरीत बसणार आहे. मादी एकच होती असं ठरलं तर दरी बाहेरच्या पट्ट्यात येईल आणि ज्यांना परत जायचं आहे त्यांना जाता येईल. मी वसाहतीत विचारून आले. बहुतेकांना आता रस्ता सोडवत नाही. दोन घरं जाऊ म्हणाली. तिसरं आपलं.

अडचण आईचीच आहे. मागच्या सुनावणीत वस्तीतली सगळ्यात जुनी रहिवासी म्हणून तिला विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं, माद्या दोन. ते नोंदलेलं आहे. समिती म्हणणार, राणी आणि पाहुणी एकच असतील, पण कॅमेऱ्यात न आलेली आणखी एखादी असेल, कारण आजींनी डोळ्यांनी दोन पाहिल्यात. आईचं ते उत्तर मी सहा वर्षं ढालीसारखं वापरलं. कुणी शंका घेतली की म्हणायचे, दरीत जन्म घालवलेल्या बाईने सांगितलंय.

आता माझी दिशाभूल कुणी केली ते विचारशील. कुणीही नाही. नियम सोपा आहे: एकेका बाजूचेच फोटो असतील तर एकच बाजू मोजायची, दुसरी सोडून द्यायची. नवशिक्या मुलींना तो मीच शिकवते. मी दोन्ही बाजू मोजल्या. दोघींच्याही शेपटीचं टोक वाकडं होतं, तेही मला दिसलं होतं. मी टिपणात लिहिलं, “बहिणी असाव्यात.” मला दोन हव्या होत्या, छोटे. पाच वर्षं मी त्या एकटीला बघत होते, कायम एकटी, कायम कुठेतरी निघालेली. पूर्वेच्या कॅमेऱ्यात ती डावी कूस दिसली तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी तपासायची थांबले.

आणि तू. सुनावणीआधी लेखी हरकत घेतलीस आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मागे घेतलीस. कारणही दिलं नाहीस. मी कचेरीच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत म्हटलं, घातलीस ना शेपूट, भित्री कुठली. तू काही बोलली नाहीस. महिन्याभरात बदली घेऊन निघून गेलीस. तू भांडली असतीस तर मी नक्की फेरतपासणी केली असती, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते तरी खरं असावं अशी इच्छा आहे.

ताई


२५ मार्च

छोटे,

आईला सांगायला तीनदा बसले. पहिल्यांदा तिने मटार सोलायला दिले, आणि सोलून झाले तरी मी मटारांबद्दलच बोलत होते. दुसऱ्यांदा ती झोपली. तिसऱ्यांदा मी झोपले.

दुपारी डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं. मी वाट झाले होते. माणूस नाही, वाट. डोंगराभोवती पसरलेली, ओलसर, गार. माझ्यावरून ती ठिपक्यांची गेली, इतकी हलकी की कळलंही नाही. मग आई गेली, धुण्याची बादली घेऊन. बादलीतलं पाणी माझ्यावर सांडत होतं आणि फार छान वाटत होतं. मग तू गेलीस. तू टाच जड टाकतेस, लगेच ओळखलं. मला हाक मारायची होती, पण वाटेला तोंड नसतं. जागी झाले तेव्हा आई उशाशी बसून माझ्या कपाळावरचे केस मागे सारत होती. या वयात. मी डोळे उघडलेच नाहीत.

परवा सुनावणी. आईला फक्त एवढंच सांगितलं आहे, की तुला पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारतील, खरं असेल ते सांग. ती म्हणाली, मी काय वेगळं सांगणार आहे.

माझा धीर होत नाही. मी चुकले हे दोन शब्द मी आईसमोर कधी उच्चारलेले नाहीत. लहानपणी पाटी फुटली तरी ती तूच फोडलेली असायचीस.

ताई


२८ मार्च

छोटे,

हे पत्र बाजूला ठेवू नकोस. लगेच वाच.

काल सभागृहात समितीचे तिघे होते, अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई, त्यांचा चष्मा दोरीला बांधलेला. संचालक कोपऱ्यात. परत जाऊ म्हणणाऱ्या दोन घरांतली माणसं मागच्या बाकावर. आईने घडी मोडून नवं पातळ नेसलं होतं आणि ती काठी न टेकता चालत आली. फोटो बघून झाले. मग अध्यक्षबाईंनी तिला समोर खुर्ची दिली आणि फार प्रेमाने विचारलं, आजी, दरीत बिबट माद्या किती होत्या?

आई म्हणाली, दोन.

त्यांनी पुन्हा विचारलं, वेगवेगळ्या दोन, नक्की? आई म्हणाली, माझी मोठी हेच काम करते, तिला विचारा. मागच्या बाकावर कुणीतरी उसासा टाकला. अध्यक्षबाईंनी लिहायला पेन उचललं.

मी उभी राहिले. मी समितीला म्हणणार होते, पण तोंड आईकडे झालं.

“आई, मी चुकले होते. एकच होती.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ताप अंगावर काढून घरी आले आहे आणि तिला आत्ता कळलंय. मग विचारलं, तुला कधी कळलं. मी म्हटलं, दोन वर्षं झाली.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” आई म्हणाली.

ती सांगत गेली, सावकाश, भाजी निवडताना सांगावं तशी. ती रोज झऱ्यावर धुणं धुवायची. पलीकडच्या खडकावरून ती बाई, आई तिला बाईच म्हणते, महिन्यातून तीनचारदा जायची. शेपटीचं टोक वाकडं. दोघी एकमेकींना बघायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. कधी ती झरा ओलांडून अलीकडे यायची, तेव्हा दुसरी बाजू दिसायची. एकटीच होती बिचारी, आई म्हणाली, दुसरी असती तर मला दिसली नसती का.

मी विचारलं, मग दोन का म्हणालीस.

“तू कागदावर दोन लिहिलं होतंस. अख्ख्या वस्तीसमोर मी माझ्या पोरीला खोटं पाडू? घर गेलं तर दुसरं देतात. तुझं नाव गेलं असतं तर कुणी दिलं असतं?”

अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. मग आई जे बोलली ते तुझ्याबद्दल होतं. ती म्हणाली, “धाकटीने तेव्हाच ओळखलं होतं. हरकतीचा कागद दिला त्याच संध्याकाळी येऊन, मी दोन सांगणार म्हणून माझ्यावर चिडली. तिच्याकडून शब्द घेऊन मी तिला गप्प केलं. म्हटलं, कागद मागे घे आणि ताईला कधी कळू देऊ नकोस.”

अध्यक्षबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. आईने आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती म्हणाली, एक.

दरी बाहेरच्या पट्ट्यात घ्यायचं ठरलं. लेखी आदेश पंधरा दिवसांत येईल. छपरातलं झाड कापायचं नाही असं आईने आत्ताच जाहीर केलं आहे, छप्पर त्याच्या बाजूने शाकारायचं. माझ्यावर ठपका येईल, बहुधा खोलीही जाईल. मी तशीही दरीतच राहायला जाणार आहे, निदान सुट्टीच्या दिवशी.

घरी आल्यावर मी तिला बाकीच्या आठ घरांचं विचारलं. पलीकडचे आजोबा वसाहतीत पहिल्याच वर्षी गेले, ते तिला माहीत आहे. ती म्हणाली, त्यांचं माझ्या डोक्यावर. मी म्हटलं, माझ्या. यावरून आम्ही दोघी चांगल्या भांडलो, आणि मग दोघी रडलो. आज सकाळी वसाहतीत त्यांच्या सुनेकडे जाऊन आलो. तिने आम्हाला बसवलं. स्वतः दारातच उभी राहिली.

छोटे, म्हणजे फेब्रुवारीपासून मी तुला जे एकेक कबूल करत होते ते सगळं तुला आधीच माहीत होतं. मादी एक, आई खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली. तू माझं नाव राखायला गप्प बसलीस आणि मी त्याच गप्प बसण्यावरून तुला भित्री म्हटलं, कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात. तू तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तरी मी जमिनीत गेले असते. तू बोलली नाहीस. कार्डावरसुद्धा तीनच शब्द लिहिलेस, कारण चौथा लिहिला असतास तर शब्द मोडला असता. मला क्षमा कर.

आईने तुला शब्दातून मोकळं केलं आहे. हे तिने मला दोनदा लिहायला सांगितलं, म्हणून दुसऱ्यांदा लिहिते: तू मोकळी आहेस. सहा वर्षांचं जे काही साठलं असेल ते आता तुला मला सुनावता येईल. ते पत्रात लिहू नकोस. इथे ये आणि तोंडावर सुनाव. मी मध्ये बोलणार नाही.

ताई